कळसूबाई चढताना लाव्हाचे थर कसे बघितले (माझा अनुभव)

सह्याद्रीत फिरणारे आपण सगळे कातळ, कडा, मुरूम, घसारा हे शब्द रोज वापरतो, पण एक कडा मग थोडी सपाटी मग परत कडा असे टप्पे का पडलेत हे मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी, पायी चालत समजून घ्यायचं होतं. म्हणून कळसूबाई निवडला, बारी गावातून जाणारी नेहमीचीच वाट, फक्त या वेळी टॉप गाठायची घाई नाही, खालून वर एकेक थर बघत जायचं.

तयारी फार नाही लागत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश नावाचं पोर्टल आहे, त्यावर नकाशा बघून घेतला, दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घेतलं, आणि मोबाइलवर उंची दाखवणारं ॲप. हातोडी मुद्दाम घरी ठेवली, कारण हा सगळा भाग कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, 1986 पासून, तिथे दगड फोडायचा नाही आणि उचलून आणायचाही नाही. खरं सांगायचं तर फोडायची गरजच पडत नाही, पावसाने आणि वाटेने इतका खडक उघडा पाडलाय की बघून संपत नाही. फेब्रुवारीत गेलो, गवत वाळून बसलेलं असतं त्यामुळे खडक स्वच्छ दिसतो. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो पण या कामाला उपयोग नाही, सगळंच हिरवं.

आधी थोडी पार्श्वभूमी. दख्खनचा हा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोर संपले तो काळ, आणि त्यातला बहुतेक लाव्हा सुमारे 10 लाख वर्षांतच बाहेर पडला. शंकूसारखा ज्वालामुखी वगैरे डोळ्यासमोर आणायचा नाही, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा पसरत गेला, थंड झाला, परत त्याच्यावर दुसरा आला, असं चालू राहिलं. आज जो उरलाय तोच जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय.

गाव सोडून चढ लागला की पहिल्यांदा भेटतो तो कुजलेला खडक. वाटेच्या कडेला गोल गोल दगड दिसतात आणि त्यांची सालं कांद्यासारखी सुटत असतात, आत हात घातला तर बाहेरची सालं बोटाने चुरडतात आणि मधला गोळा मात्र काळा घट्ट. बेसॉल्टला, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या खडकाला, थंड होताना भेगा पडतात, त्या भेगांतून पाणी शिरतं आणि कोपरे सगळ्यात आधी कुजतात म्हणून चौकोनी तुकडा हळूहळू गोल होत जातो. आपला मुरूम तो हाच.

त्याच्या वर जरा ताजा खडक लागला तिथे मी बराच वेळ बसलो. एका थराचा तळ, मध्य आणि माथा वेगळे ओळखता येतात हे वाचलं होतं पण प्रत्यक्ष बघताना फार भारी वाटतं. मधला भाग घट्ट, एकसंध. माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकून राहिल्याने भोकंच भोकं, आणि त्या भोकांत नंतर पाण्यातून खनिजं साचून पांढरे ठिपके झालेले, विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो खडक. भिंगातून बघितलं तर काही ठिपक्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे पापुद्रे चमकत होते आणि काहींत गारगोटी. ओळखायची सोपी रीत म्हणजे सुट्या पडलेल्या दगडावर खिळ्याने ओरखडा काढायचा, कॅल्साइटवर (हे चुन्याचं मऊ खनिजही अशा भोकांत असतं) लगेच पडतो, गारगोटीवर पडतच नाही. आणि थराच्या तळाशी काही ठिकाणी पेन्सिलीएवढ्या बारीक उभ्या नळ्या असतात, वायू वर निसटताना झालेल्या. मला सापडल्या त्या सगळ्या एका बाजूला कललेल्या होत्या, म्हणजे लाव्हा कुठल्या अंगाला सरकत होता त्याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्रवाहाची दिशा आणि आपण बोट लावून बघतोय! मी तर तिथून उठायलाच तयार नव्हतो.

पुढे एका वळणावर वीतभर जाडीचा लाल पट्टा दिसला, गेरूच्या रंगाचा, बोट लावलं की रंग येतो. दोन प्रवाहांच्या मधे जो शांत काळ गेला त्यात वरचा पृष्ठभाग हवापाण्याने कुजला, त्यातलं लोखंड गंजून लाल झालं आणि मग पुढचा तापलेला लाव्हा त्याच्यावर येऊन बसला. गुरं घेऊन निघालेले एक बाबा मी काय बघतोय म्हणून थांबले. म्हणलं बाबा, पाणी कुठं लागतं हो डोंगरात? तर ते लगेच म्हणाले, "तांबड्या मातीच्या वरच्या अंगाला बघायचं, तिथंच पाझरतंय." अगदी बरोबर आहे, लाल थर चिकणमातीचा असल्याने पाणी खाली जाऊ देत नाही आणि वरचा भोकांचा, भेगांचा खडक पाणी धरून ठेवतो.

शिड्या जिथे आहेत तिथे सरळ उभा घट्ट कातळ आहे. घट्ट भाग कडा धरून राहतो, भोकांचा आणि लाल मातीचा भाग झिजून सपाटी होते, टप्प्यांचं कोडं एवढंच. शिड्यांबद्दल जास्त लिहीत नाही, सुट्टीच्या दिवशी रांग लागते, आडवारी जा.

माथ्यावर, 1646 मीटरवर, समोर अलंग मदन कुलंग, पलीकडे रतनगड, आणि सगळ्यांच्या अंगावर तेच आडवे पट्टे. एका डोंगरावरचा पट्टा नजरेने धरून दरी ओलांडायची आणि पलीकडच्या डोंगरावर शोधायचा, मी हेच करत बसलो होतो. हे डोंगर एकेकटे वर आलेले नाहीत, आधी सगळा सलग थर होता, मधलं झिजून वाहून गेलं आणि उरलं ते आपण डोंगर म्हणतो.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. लाव्हाच्या थरांचे खालून वर तीन गट करतात, कळसूबाई, लोणावळा आणि वाई. म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर सगळ्यात जुन्या गटात! कारण हे सगळे थर दक्षिणेकडे अगदी किंचित, एक अंशापेक्षाही कमी, कललेले आहेत, त्यामुळे दक्षिणेला जाल तसे वरचे म्हणजे नवीन थर भेटत जातात. महाबळेश्वर उंचीने कमी पण तिथला खडक इथल्यापेक्षा नवा, आणि त्याच्यावर जांभ्याची टोपी.

त्यामुळे आता पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरपर्यंत चालायचं ठरवलंय, वाई गटाचे थर तिथे ओळीने लागतात. घाटात गाड्या असतात म्हणून पहाटे निघणार. कुणी त्या बाजूचे लाल थर बघितले असतील तर कुठल्या वळणावर ते नक्की सांगा.