मनानांगल, भाग ४: कंबर जुळेना

मनानांगल म्हणजे फिलिपिनी लोककथांतली, रात्री कमरेतून तुटून पाय मागे ठेवून उडणारी बाई. तिची दोन सुट्या अर्ध्यांची क्लेची मूर्ती करतोय. मागच्या वेळी ऐटीत लिहिलं होतं की आता फक्त भाजणं आणि रंग उरलेत. शनिवारी ओव्हनमधून दोन्ही अर्धे काढले, थंड होऊ दिले, वरचा भाग पायांवर ठेवला, आणि तो सरळ कलंडून फरशीवर. उजव्या पंखाच्या सांगाड्याचा अंगठा गेला. बायको म्हणाली, "कुणीतरी पायांवर मीठ टाकलं असेल." मागे राहिलेल्या पायांवर मीठ, राख किंवा लसूण पडला की मनानांगलला परत जुळता येत नाही आणि उजाडताच ती मरते, हे आता तिलाही पाठ झालंय.

भाजण्याआधी मात्र जोड पक्का होता. कमरेत ६ मिमीच्या निओडिमियम चुंबकांच्या दोन जोड्या, एका जोडीत उत्तर वर, दुसरीत दक्षिण वर, म्हणजे बाई चुकूनही उलट्या तोंडाने बसणार नाही. कच्च्या क्लेमध्ये 'टक्' असा सुंदर आवाज यायचा. म्हणून आधी संशय घेतला तो क्लेवर. भाजताना चुंबकांवर पातळ थर चढला असेल म्हणून पॉलिश पेपरने घासलं. फरक शून्य. मग वाटलं ध्रुवच उलटे बसवले. तसं असतं तर त्यांनी एकमेकांना ढकललं असतं. हे तर ढकलतही नव्हते, नुसते गप्प. शेवटी पाकिटातला कोरा चुंबक घेतला. त्याने चमचा टेबलावरून उचलला. कमरेतल्याला टाचणी जेमतेम धरवली.

चूक माझीच. साधा निओडिमियम ८० अंशांच्या वर गेला की कायमचा ढिला पडतो, आणि मी तो १३० अंशांवर अर्धा तास भाजला. ग्रेडपुढे 'एसएच' असेल तर १५० पर्यंत चालतो. पण मी ज्या ऑनलाइन दुकानातून घेतले त्यांनी 'सुपर स्ट्रॉंग' तीनदा लिहिलं होतं आणि तापमान एकदाही नाही. बरेच दुकानदार लिहीतच नाहीत. घेण्याआधी विचारा.

रविवार चारही चुंबक हातड्रिलने कोरून काढण्यात गेला. खड्डे थोडे मोठे केले, नव्या चुंबकांची गुळगुळीत पाठ घासून खरखरीत केली, वरच्या तोंडावर मार्करने खूण केली आणि दोन ट्यूबवाल्या इपॉक्सीने बसवले. सुपरग्लू नको, चकचकीत मुलाम्यावरून तो पापुद्र्यासारखा सुटतो. पुढच्या वेळी भाजताना खड्ड्यात त्याच मापाचे पितळी तुकडे ठेवायचे, चुंबक नंतर.

सोमवारी सकाळी 'टक्' परत आला. चहा गार होईपर्यंत नुसतं उघड-मीट करत बसलो होतो.

तरी फट दिसतेच, केसाएवढी. कुणी म्हणेल, तुटणारीच बाई आहे, फट दिसली तर काय बिघडलं? सगळं बिघडलं. तिकडच्या टागालोग भाषेत 'तांगल' म्हणजे सुटं करणं, तिचं नावच त्यावरून पडलंय. पण दिवसा ती शेजारची अबोल, नीटनेटकी बाई असते. फिलिपिन्समधल्या कापीझ प्रांताकडच्या आस्वांगांच्या, म्हणजे रूप बदलणाऱ्या राक्षसांच्या, गोष्टींत भीती दातांची कमी आणि शेजाऱ्याची जास्त. कुत्रा, डुक्कर, पक्षी काहीही होऊ शकणारा प्राणी दिवसा ओळखू येत नाही, म्हणून तर लोक त्याच्या डोळ्यात आपलं प्रतिबिंब उलटं दिसतं का बघतात.

फटीचं खरं कारण आतडी आहेत. कडेने लोंबती आतडी मी हौसेने केली आणि तीच आड येतात. १५८९ साली हुआन दे प्लासेन्सिया या फ्रान्सिस्कन पाद्र्याने फिलिपिन्सच्याच कातान्दुआनेस बेटावरच्या ज्या 'मागतातांगल'ची नोंद केली, तो कमरेतून तुटत नाही. रात्री डोक्याशिवाय आणि आतड्यांशिवाय दिसतो, सकाळी डोकं परत धडावर. ते वाचून आतड्यांचा मोह झाला होता. कापून टाकणार होतो, पण हे लिहिता लिहिता सुचतंय: आतडी हा तिसराच सुटा तुकडा करायचा, स्वतःच्या चुंबकासह. उडताना वरच्या भागाखाली लावायचा, दिवसा डबीत. म्हणजे उद्यापासून पुन्हा कोरकाम.

डोळे मात्र जमले! ट्रिपल झिरो ब्रशने बुबुळात खिडकी रंगवली, चौकट उलटी, आणि चमकेचा ठिपका वर न देता खाली. बघणाऱ्याला काय चुकलंय ते कळत नाही, पण नजर टिकत नाही. जीभ तंगुसाची, वर ग्लॉस वार्निश. सिगबिन या दुसऱ्या फिलिपिनी प्राण्याच्या शेपटीने महिनाभर छळलं होतं, त्या मानाने हे काम तासाभराचं.

बेसचा बेत बदलतोय. झोपडीचं छप्पर रद्द. पाय केळीच्या खोडांआड उभे करणार. आणि गोष्टींत आस्वांग येताना ऐकू येणारा 'टिकटिक' आवाज हवाच: लांब असताना मोठा, जवळ येईल तसा बारीक. अंतर मोजणारा सेन्सर आणि छोटा स्पीकर घ्यायला शनिवारी पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत जाईन. उलटा आवाज प्रोग्रॅममध्ये एका ओळीचं काम असावं.

पायांशी सांडलेलं मीठ खरंच वापरणार होतो, पण पावसाळ्यात ते पाणी धरून बेसचा रंग उडवेल. काचेचा भुगा जास्त चमकतो. सध्या बेकिंग सोडा आणि पातळ गोंद लावून एक तुकडा खिडकीत ठेवलाय.