लात्ते, पेपेरोनी आणि जेनोव्हातलं धिरडं

जेनोव्हाला जायच्या आधी दोन महिने मी मोबाईलवर इटालियन शिकत होते, आणि शिकले काय तर मुलगा सफरचंद खातो. पोट भरायला उपयोग शून्य.

पहिल्याच सकाळी कॅफेत ऐटीत 'उन लात्ते' मागितलं तर समोर दुधाचा ग्लास! त्यांचं बरोबरच आहे म्हणा, लात्ते म्हणजे नुसतं दूध, कॉफी हवी तर काफे लात्ते म्हणायचं. नवरा खो खो हसला, मग दुपारी साहेबांनी पेपेरोनी पिझ्झा मागवला आणि आली त्यावर ढोबळी मिरची, कारण तिकडे पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरचीच, त्याला हवी होती ती सलामी, म्हणजे मांसाच्या सॉसेजचे काप. मी शाकाहारी, त्यामुळे तो पिझ्झा मलाच मिळाला आणि फिट्टंफाट झाली.

उच्चार मात्र आपल्याला सोपे जातात, जोडाक्षरांची सवय असते ना. पेन्ने पास्ता मागताना 'न' दोनदा म्हणायचा, एकदाच म्हटला तर भलताच अर्थ होतो, घरचे वाचतात म्हणून इथेच थांबते.

खरी मजा बंदराजवळ सोत्तोरीपाच्या जुन्या कमानींखाली आली. एका छोट्या दुकानात लाकडाच्या भट्टीतून ही एवढी मोठी तांब्याची परात बाहेर निघाली, वर पिवळंधमक, कडेला करपलेलं. नाव फारिनाता. कशाचं विचारलं तर 'चेची'. फोनमध्ये बघितलं, चेची म्हणजे छोले! म्हणजे पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह ऑइल, झालं. अहो हे तर आपलं बेसनाचं धिरडं, फक्त हळद-ओवा विसरलेलं आणि तव्याऐवजी भट्टीत गेलेलं. वजनावर मिळतं, शंभर ग्राम म्हणजे उन एत्तो, दोनशे हवं तर दुए एत्ती. मी दुए एत्ती घेतलं, मग परत दुए एत्ती.

बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ लुसलुशीत, पण तिखटाच्या नावाने नुसती मिरपूड. नवऱ्याने गुपचूप सॅकमधून लसणाच्या चटणीची डबी काढली. काउंटरवरच्या आजींनी ती बरोब्बर बघितली.

'के कोझे?' हे काय आहे?

फोन बॅगेत होता. 'आल्यो,' मी म्हटलं, म्हणजे लसूण, 'ए पेपेरोंचीनो,' आणि मिरची, तिखटवाली, ढोबळी नाही.

आजींनी बोटाच्या टोकावर एवढीशी घेतली, चाखली, डोळे मिटले आणि काही न बोलता आमच्या कागदावर फारिनाताचा अजून एक तुकडा ठेवला. वजन न करता.