चार बोटं कापड

आमच्या घरात एक जुना वाद आहे. १९७४ साली, ऐन मे महिन्यात, बाबांनी लग्नात घातलेला सूट कोणत्या रंगाचा होता? बाबा म्हणतात निळा, आई म्हणते राखाडी. फोटो कृष्णधवल, त्यात तो काळाच दिसतो. खुद्द सूट डांबराच्या गोळ्यांना न जुमानता कसरीनं खाल्ला. उरलासुरला बोहारणीनंही घेतला नाही.

मागच्या आठवड्यात नागपूरच्या महाल भागात, तो सूट शिवला त्याच टेलरकडे पँट आखूड करायला गेलो, तर माळा साफ करणं चाललं होतं. खाली सूटिंगच्या नमुन्यांची जाडजूड पुस्तकं पडलेली. मी मांडी घालून बसलोच.

चार बोटं रुंदीचे लोकरीचे तुकडे. सुतं निघू नयेत म्हणून करवतीच्या दात्यांसारखी कातरलेली कड. कौलं रचावीत तसे एकावर एक सरकवून चिकटवलेले. सर्ज, फ्लॅनेल, ट्वीड, माशाच्या काट्यासारख्या विणीचा हेरिंगबोन. मास्तरांनी (म्हणजे जुन्या मास्तरांच्या मुलानं, आता तेही साठीपार) एक तुकडा मुठीत आवळला आणि सोडला. चुणी नाही. मग त्यातलं एक सूत ओढून काडी लावली. केस जळल्याचा वास आला.

"अस्सल आहे नं भाऊ. टेरिलिन असतं तर वितळून गोळी झाली असती."

चिठ्ठीवर वजन होतं १४ औंस. वाराला जवळपास ४०० ग्रॅम. सूटाला तीन मीटर धरले तर सव्वा किलोच्या वर, आणि अस्तर, कॅनव्हास, टाय वेगळेच. यॉर्कशायरच्या थंडीत ठीक आहे हो. पण नागपुरात, ४५ अंशांत?

१८७७ पासून एम्प्रेस मिल ज्या गावात सुती कापड विणत होती, तिथला नवरदेव लोकरीत का शिरला, तर साहेब घालायचा म्हणून. साहेबाचंही फार वेगळं नाही. लंडन जळून महिना झाला होता, तेव्हा, १६६६ च्या ऑक्टोबरात, दुसऱ्या चार्ल्स राजानं फ्रेंच थाट सोडून लांब बंडी घालायला घेतली. तीच पुढे आखूड होत होत वेस्टकोट झाली. लहर त्या राजाची आणि मांडवात घामाघूम आमचे बाबा.

मास्तरांनी मापाची जुनी वही काढली. बाबांची छाती तेव्हा ३४ होती (आता विचारू नका). मापाखाली कापडाचा नंबर. तो पुस्तकात सापडला आणि मी गारच पडलो. तुकडा राखाडी! आईचं बरोबर होतं.

मास्तर हसले. "वरचा उचला नं जरा."

वरचा तुकडा उचलला. पुस्तक वर्षानुवर्षं दाराशी, उन्हाच्या तिरपेत टांगलेलं; जेवढी पट्टी बाहेर राहिली तेवढीच विटली होती. झाकलेला भाग गडद निळा, काल मिलमधून आल्यासारखा. मधली रेघ पट्टीनं आखावी तशी सरळ.

फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत बाबांचं उत्तर आलं, "बघा, निळा."

त्याखाली आईचं, "मी पन्नास वर्षं हेच सांगतेय. राखाडी."