एवढा पेशन्स कुठून आणता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हे बोलायचं राहूनच जातं. मी एका निवासी संस्थेत विशेष शिक्षिका आहे, आमच्याकडे बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम असलेली माणसं राहतात, वयाने पंचवीस-तीसची, पण आम्ही त्यांना मुलंच म्हणतो. कुणीही भेटलं की हाच प्रश्न, आणि पाठोपाठ, फार पुण्याचं काम करताय हो.

पेशन्स संपतो. माझा संपला होता, आणि ते कळलं एका मुलाला वरणभात भरवताना. त्याला गिळायला वेळ लागतो, घास दिला की थांबायचं, गळा हललेला बघायचं, मगच पुढचा. त्या दिवशी लक्षात आलं की मी पुढचा चमचा त्याच्या ओठाला टेकवूनच बसलेय, कितीतरी दिवस असंच चाललंय, आणि तोंड पुसतानाही त्याला आधी सांगत नाहीये, टेबल पुसावं तसं पुसतेय. घास श्वासनलिकेत गेला असता तर? घरी येऊन खूप रडले, वाटलं माझी मायाच आटली.

माया आटली नव्हती. बारा जणांमागे आम्ही दोघीच होतो, मुलांचं खाणं-पिणं, अंघोळ बघणाऱ्या मावशींपैकी एक सोडून गेल्याला तीन महिने झाले होते. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, २०१९ साली आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत बर्नआउटला, म्हणजे कामाने असं पार थकून जाण्याला, आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागी साचत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटलंय, ते वाचलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

दुसरा एक मुलगा रोज साडेअकराच्या सुमारास हात चावायचा, स्वतःचा, अडवायला गेलं की आमचा. मावशी हाताला हळद लावून, काही नाही झालं म्हणत परत त्याच्याच शेजारी बसायच्या. आता आमचा नियम आहे, ज्याला लागलं त्याने आधी जखम धुवायची, डॉक्टरांना दाखवायची, मग निदान अर्धा तास चहा घेऊन बाहेर बसायचं, मुलाकडे दुसरं कुणीतरी बघेल. आणि वहीत लिहायचं, चूक कुणाची ते नाही, चावण्याआधी काय झालं तेवढंच. तीन आठवड्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या तेव्हा दिसलं, कुकरची शिट्टी! आता त्या वेळेला त्याला बागेत नेतो, चावणं पार थांबलं नाही पण आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलंय. योगाचं सेशन ठेवा असं सगळे सुचवतात, तेही चांगलंच आहे, पण मावशींची धास्ती कमी झाली ती यानं.

आणि ते पुण्याचं काम म्हणणं, कृपा करून मावशींना नका म्हणू. पुण्याच्या कामात सुट्टी कशी मागायची, पगार वाढवा कसं म्हणायचं? वाढदिवसाला जेवण द्यायला खूपजण येतात, मनापासून येतात, मुलंही खूश असतात. मावशी रजेवर गेल्या की बदलीला येणाऱ्या बाईचा पगार द्यायला मात्र अजून कुणी आलेलं नाही, त्यासाठी वर्षाला किती लागतात ते मी लिहून ठेवलंय, विचारलंत तर लगेच सांगेन.