बापूंच्या २१ षटकांपासून तबल्याच्या शाईपर्यंत

गणपतीच्या दिवसांत एका रात्री आरती आटोपली की नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या मांडवात प्रश्नमंजूषा होते. प्रश्न काढायचं काम माझ्याकडे असतं आणि ते मला मनापासून आवडतं. माझी सगळी नोकरी कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली, घरी आजीची पेटी (हार्मोनियम) आहे आणि क्रिकेटचं वेड वडिलांकडून आलंय. म्हणून विषय तीनच ठेवते: खेळ, संगीत आणि विज्ञान. सिनेमा आणि राजकारण घेत नाही. त्यात आवाज लवकर चढतात आणि हाती काही लागत नाही.

संघ चिठ्ठ्या टाकून पाडायचे, प्रत्येक संघात एक शाळकरी पोर आणि एक आजी किंवा आजोबा हवेतच, आणि सगळ्यांचे मोबाईल सुरुवातीलाच परातीत जमा. नियम एवढेच. बाकी सगळा भार प्रश्नावर. ज्याला उत्तर पाठ नाही त्यालाही डोकं चालवून तिथवर जाता आलं पाहिजे, अशा प्रश्नालाच मी चांगला प्रश्न म्हणते. ‘माहीत आहे किंवा नाही’ एवढ्यावर संपणारा प्रश्न भरल्या मांडवात दोघातिघांपुरता असतो, बाकीचे नुसते तोंडाकडे बघत बसतात.

क्रिकेटपटू बापू नाडकर्णींचंच घ्या. त्यांचा जन्म नाशिकचा, १९३३ सालचा. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांच्या पहिल्या डावातल्या गोलंदाजीचं पृथक्करण होतं ३२-२७-५-०. म्हणजे ३२ षटकं, त्यातली २७ निर्धाव, दिलेल्या धावा ५ आणि बळी एकही नाही. ‘सलग निर्धाव षटकांचा विक्रम कुणाचा?’ असं विचारलं तर एखादे आजोबा झटकन उत्तर देतात आणि विषय संपतो. मी विचारलं, ‘बापूंनी त्या डावात सलग १३१ चेंडूंवर एकही धाव दिली नाही. तर त्यात पूर्ण निर्धाव षटकं किती?’ सातवीतल्या मुलाने बोटांवर भागाकार केला: २१ षटकं आणि ५ चेंडू. लगेच त्याच्याच संघातल्या आजोबांनी शंका काढली. ते सुटे चेंडू सुरुवातीच्या अर्धवट षटकातलेही असतील आणि शेवटच्याही, मग षटकं २० सुद्धा भरू शकतील की! शंका रास्त होती. पण २० धरली तर उरतात ११ चेंडू, आणि दोन्ही टोकांच्या अर्धवट षटकांत मिळून जास्तीत जास्त १० बसतात. म्हणजे २१च. हे त्या मुलाने आजोबांना फळ्यावर मांडून दाखवलं, आणि मांडवात टाळ्या पडल्या त्या गणिताला. नेटमध्ये बापू खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर टप्पा टाकायचा सराव करायचे असं सांगतात. हे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये पोरं रुपयाचं नाणं ठेवून गोलंदाजी करताना दिसली.

खेळात मला आणखी एक प्रश्न फार लाडका आहे: ‘असे कोणते ऑलिम्पिक खेळ, ज्यात माणूस पाठमोरा जाऊन जिंकतो?’ याला एकाहून जास्त उत्तरं आहेत, म्हणून सगळ्या संघांना संधी मिळते. पोहणारी मुलं बॅकस्ट्रोक सांगतात. कुणाला तरी नौकानयन आठवतं, कारण चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओला एकेरी नौकानयनात उतरला होता आणि तेरावा आला होता. वल्ही मारताना अंतिम रेषा पाठीमागे असते हे त्याच्या शर्यती बघितलेल्यांना बरोबर ठाऊक असतं. दुष्काळी पट्ट्यातल्या गावचा मुलगा पाण्यावरच्या खेळात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्णपदक आणतो, हे सांगताना माझा ऊर भरून येतो. तिसरं उत्तर सहसा कुणी देत नाही: रस्सीखेच. १९०० ते १९२० या काळात रस्सीखेच ऑलिम्पिकमध्ये होती. तिथे तर मागे सरकला तोच जिंकला!

व्हॉट्सॲपवर फिरणारे तयार प्रश्नसंच मी वापरत नाही. त्यात ‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?’ हा प्रश्न हटकून असतो आणि उत्तर हॉकी दिलेलं असतं. माहिती अधिकारातल्या अर्जाला २०१२ मध्ये क्रीडा मंत्रालयाने लेखी उत्तर दिलंय की असा कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही. तरी तो प्रश्न मुलांच्या माथी मारला जातोच, आणि खरं उत्तर देणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात. याचा मला फार राग येतो. शब्दांचंही तसंच. ‘भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कुणी मिळवून दिलं?’ असं विचारलं की खाशाबा जाधव म्हणणारा आणि नॉर्मन प्रिचर्ड म्हणणारा, दोघेही तावातावाने भांडतात. प्रिचर्डने १९०० मध्ये पॅरिसला दोन रौप्यपदकं मिळवली. गोळेश्वरच्या खाशाबांचं कुस्तीतलं कांस्य १९५२ मधलं, हेलसिंकीचं. ‘स्वतंत्र’ हा एक शब्द आधी घातला की भांडण मिटतं आणि खाशाबांचा मानही राहतो.

विज्ञानात मी घरापासून सुरुवात करते. ‘नाशिकमध्ये पाणी किती अंशांना उकळतं?’ सगळा मांडव एका सुरात १०० म्हणतो. मग मी विचारते, मुंबईत किती? तेव्हा कुठे कुजबुज सुरू होते. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहोत. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, आणि दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. म्हणजे आपल्याकडे साधारण ९८. पुढचा प्रश्न ट्रेकवाल्यांसाठी: १६४६ मीटरच्या कळसूबाईवर? साडेचौऱ्याण्णवच्या आसपास. वर मुक्कामाला डाळ शिजता शिजत नाही त्याचं कारण तिथे बसलेल्या ट्रेकवाल्यांना आपसूक मिळालं आणि कुकर का न्यावा हेही.

लासलगावचा प्रश्नही असाच घरचा. ‘२००७ मध्ये अमेरिकेला आंबा पाठवायचा होता, तेव्हा कोकणातला हापूस आधी कांद्याच्या गावाला का आणला?’ उत्तर लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या या केंद्रात कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण मालावरून जातात. आंब्यातली कीड त्याने निकामी होते. कांद्याला मोड येत नाहीत, कारण कोंबातल्या पेशींचं विभाजनच थांबतं. एका काकूंनी काळजीने विचारलं, ‘मग तो कांदा किरणोत्सारी होतो का गं?’ नाही होत. या किरणांची ऊर्जा अणूच्या गाभ्यात बदल घडवायला पुरत नाही. एक्स-रे काढल्यावर आपण जसे घरी येऊन नेहमीसारखे जेवायला बसतो, तसंच. काकूंचा हा प्रश्न मी माझ्या वहीत उतरवून ठेवलाय, कारण तो माझ्या प्रश्नापेक्षा चांगला आहे.

पण सगळ्यात जास्त रंगतो तो तबल्याचा प्रश्न. मांडवात डफ आणि तबला शेजारी शेजारी ठेवायचे. दोन्हींवर कातडंच ताणलेलं आहे. मग तबला पेटीच्या स्वरात मिळवता येतो, तसा डफ का मिळत नाही? उत्तरासाठी संघाला पुढे येऊन दोन्हींवर टिचकी मारायला आणि हात लावून बघायला मुभा असते. कुणी आकार म्हणतं, कुणी आतली पोकळी, कुणी बाजूचे लाकडी गठ्ठे. हळूहळू बोट मधल्या काळ्या गोलावर येतं. शाई!

हा प्रश्न काढण्याआधी मी जुन्या नाशकातल्या एका तबला मढवणाऱ्या काकांच्या दुकानात दुपारभर बसले होते. लोखंडाची बारीक पूड आणि खळ मळून केलेला काळा गोळा त्यांच्या अंगठ्याशी होता. पुडीवर, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या कातड्यावर, त्याचा पातळ थर द्यायचा, थोडं सुकू द्यायचं आणि मग गुळगुळीत दगडाने घासत राहायचं, घासत राहायचं. घासता घासता थराला केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. मला वाटलं काम बिघडलं. काका म्हणाले, ‘या फुटल्याच पाहिजेत ताई, नाहीतर कातडं हलणार कसं?’ त्यावर पुढचा थर जरा लहान घेराचा, त्यावरचा आणखी लहान. मध्यभागी शाई जाड आणि कडेला पातळ होत जाते. मधून मधून ते चाटीवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, बोट मारून कान देत होते. डग्ग्याची शाई मात्र मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते. इतकी वर्षं बघूनही हे कित्येकांच्या लक्षात आलेलं नसतं, त्यामुळे तोही एक प्रश्न होतो.

शाई करते काय? साध्या ताणलेल्या गोल कातड्यावर थाप मारली की मूळ कंपनाबरोबर आणखी कंपनं उठतात, पण त्यांची वारंवारता मूळ कंपनाच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी वेडीवाकडी असते. कानाला त्यातून एक स्वर लागत नाही, नुसता नाद येतो. मध्यभागी वजन वाढलं की ही कंपनं सरकतात आणि दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्णांकांच्या जवळ येतात, तारेच्या वाद्यात असतात तशी. म्हणून तबला ‘बोलतो’. हे शास्त्र १९२० मध्ये मांडणारे दोघे होते, त्यातले एक सी. व्ही. रामन. रामन म्हटलं की आपल्याला २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आणि १९३० चं नोबेल आठवतं, पण त्यांनी मृदंग आणि तबल्यावरही मन लावून काम केलं होतं. रामनांच्या आधी कितीतरी पिढ्या पुडीवर शाई घासणाऱ्या हातांना हे कानाने कळलेलं होतं. मांडवात मी दोघांचंही नाव घेते, रामन यांचं आणि मढवणाऱ्या कारागिरांचं.

संगीतात नाशिकचं देणं मोठं आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचं उत्तरायुष्यातलं वास्तव्य इथलं, आणि त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुस्कर १९२१ मध्ये इथेच जन्मले. अवघ्या ३४ व्या वर्षी ते गेले. हे प्रश्न मी विचारते, पण ते पाठांतराचे आहेत, म्हणून कमी गुणांचे ठेवते. पेटीचा त्याहून बरा: ‘भजनाला पेटीशिवाय आपलं पान हलत नाही, पण १९४० ते १९७१ ती कुठे बंद होती?’ आकाशवाणीवर. पेटीच्या पट्ट्या ठरावीक स्वरांना बांधलेल्या असतात, त्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि श्रुतींचे, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचे, बारकावे मिळत नाहीत, हा आक्षेप होता. मला पेटी प्रिय असली तरी आक्षेपात तथ्य आहे असं माझं मत आहे.

त्याच पेटीवर शेवटची फेरी होते. गाणं शिकणाऱ्या मुलीला बसवायचं आणि सांगायचं, फक्त काळ्या पट्ट्या वाजव, पांढरीला बोट लावायचं नाही. काळी तीनला, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीला, सा धरला की सा रे ग प ध, म्हणजे भूप राग. आजीलोक लगेच ओळखतात. आता पट्ट्या त्याच पाच, पण सा काळी एकवर. ग गेला, म आला, आणि मांडवात कुणीतरी हळूच ‘दुर्गा’ म्हणतं. मग सा काळी पाचवर. ग, ध, नी तिन्ही कोमल, पंचम नाही. आता दहावीतली पोरंही मालकंस ओळखतात. पट्टी एकही बदललेली नाही, बदललं ते फक्त घर, म्हणजे सा. मूर्च्छनेवरचं, म्हणजे स्वर तेच ठेवून सा बदलण्यावरचं, व्याख्यान ऐकून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे थेट कानाला कळतं.

काळी दोन आणि काळी चार यंदासाठी राखून ठेवल्या आहेत, म्हणून त्यांची उत्तरं इथे लिहीत नाही. घरी पेटी असेल तर आजच बसा. नसेल तर मोबाईलवरच्या पियानोवरही जमेल. आधी पाच स्वर कागदावर लिहून काढा, कोमल कोणते ते ठरवा, आणि मगच रागाचं नाव शोधा.