तुम्ही विचारलंत म्हणून: अब्राहामाचा वारस कोण?

बायबल-अभ्यासाच्या वर्गात मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि पश्चिम आशियात युद्ध पेटले की मंडळीबाहेरचे, म्हणजे चर्चबाहेरचे, स्नेहीही तोच विचारतात: देवाने यहूद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याला दिलेली अभिवचने आज कोणाची? यहूदी लोकांची, ख्रिस्ती मंडळीची, की 1948 साली स्थापन झालेल्या इस्राएल राष्ट्राची? विचारणाऱ्याला बहुधा एका शब्दात उत्तर हवे असते. मी फार तर इतके म्हणेन की वारसा अब्राहामाच्या घराण्याचा आहे, तो ख्रिस्तात आहे, आणि आम्ही परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, त्यात मागाहून आलो आहोत. पण एवढ्याने कोणाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

गुंता मूळ ग्रंथातच आहे, तो पुढच्या पंडितांनी निर्माण केलेला नाही. बायबलचे पहिले पुस्तक उत्पत्ती, त्याच्या बाराव्या अध्यायात देव अब्राहामाला राष्ट्र, आशीर्वाद आणि भूमी देऊ करतो, आणि त्याच दमात सांगतो की पृथ्वीवरील सर्व कुळे त्याच्याद्वारे आशीर्वादित होतील. म्हणजे अभिवचन एका घराला दिलेले आणि पहिल्या दिवसापासून सगळ्या जगाकडे पाहणारे. पंधराव्या अध्यायात करार होतो तो प्रसंग फार विलक्षण आहे. जनावरे मधोमध चिरून त्यांचे भाग समोरासमोर मांडलेले आहेत. अशा करारात त्या भागांमधून चालत जाणारा माणूस जणू शपथ घेत असे की करार मोडला तर माझी हीच गत होवो. इथे मात्र अब्राहाम गाढ झोपेत आहे, आणि अंधार पडल्यावर धुमसती भट्टी आणि जळती मशाल एवढीच त्या तुकड्यांमधून जातात. बांधून घेणारा देव एकटाच. याउलट ‘अनुवाद’ या बायबलच्या पाचव्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आज्ञाभंग केला तर देशातून उपटून टाकले जाल, अशी स्पष्ट ताकीद आहे. बिनशर्त दान आणि सशर्त वास्तव्य हे दोन्ही धागे हिब्रू शास्त्रातच शेजारी शेजारी आहेत, आणि पुढच्या प्रत्येक पक्षाने आपल्या सोयीचा धागा ओढला.

शिवाय वारसा केवळ जन्माने मिळत नाही हेही उत्पत्तीच सांगते. इश्माएल अब्राहामाचा मुलगा असूनही करार धाकट्या इसहाकाशी होतो. इसहाकाच्या मुलांत एसाव थोरला असूनही याकोब पुढे येतो. स्वतः यहूदी असलेला प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात नेमके याच उदाहरणांवर बोट ठेवतो.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात नवा करार येतो, आणि तो कोणाशी? इस्राएलाच्या घराण्याशी आणि यहूदाच्या घराण्याशी. तिसऱ्या कोणाचे नाव तिथे नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या, वेळी आमचे पाळक प्याला उचलून ‘हा प्याला माझ्या रक्तातला नवा करार आहे’ हे प्रभूचे शब्द म्हणतात, तेव्हा ते यिर्मयाच्याच कराराविषयी बोलत असतात. अहमदनगरच्या किंवा पुण्याच्या बाकावर बसलेल्या, यहूदा घराण्याशी रक्ताचे काडीचेही नाते नसलेल्या माणसाने त्या प्याल्यातून कोणत्या हक्काने प्यावे, हा खरा प्रश्न आहे. पहिल्या पिढीतल्या मंडळीने तो याच रोखाने विचारला होता. प्रेषितांची कृत्ये, अध्याय पंधरा: यरुशलेमेत सभा भरली ती परराष्ट्रीयांना सुंतेशिवाय आत घ्यावे की नाही हे ठरवण्यासाठी. यहूद्यांना जागा आहे का, असा विचारही तिथे कोणाच्या मनात नव्हता.

शंभर वर्षांत चित्र पालटले. सन 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर जाळले, 135 मध्ये यहूदी पुढारी बार कोखबा याचे बंड चिरडले, आणि परराष्ट्रीय ख्रिस्ती विचारवंतांनी या पराभवांत देवाचा निकाल वाचला. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने त्रिफो नावाच्या यहूद्याशी झालेला संवाद लिहिला, त्यात खरे आध्यात्मिक इस्राएल आम्हीच, असा दावा तो उघड करतो. त्याच काळात मार्शियन नावाचा ख्रिस्ती शिक्षक म्हणत होता की ‘जुना करार’ हा ग्रंथ, म्हणजे यहूद्यांचे शास्त्र, टाकूनच द्या. मंडळीने त्याला बाहेर काढले, हे फार चांगले केले. पण ग्रंथ आपल्याकडे ठेवायचा आणि ज्यांनी तो सांभाळला त्यांना बेवारस म्हणायचे, ही गोष्ट मला मार्शियनच्या चुकीपेक्षा फारशी कमी गंभीर वाटत नाही. सन 386–87 मध्ये अंत्युखिया शहरात ख्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाने यहूद्यांविरुद्ध जी जहाल प्रवचने केली, त्यांचे कारण असे की त्याचे ख्रिस्ती श्रोते यहूदी सणांना त्यांच्या प्रार्थनागृहात, सभास्थानात, जात होते. लोकांना शेजारी प्रिय होते. व्यासपीठाला ते खपत नव्हते. 1543 मध्ये धर्मसुधारक लूथरने सभास्थाने जाळा असे लिहिले, आणि चारशे वर्षांनी नाझी जर्मनीत त्या लिखाणाचा उपयोग करून घेणारे निघाले.

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेने हाच विषय अधिक जबाबदारीने मांडला. तिच्या मते आदामाच्या पतनानंतर कृपेचा करार एकच आहे, फक्त त्याची व्यवस्था दोन प्रकारची आहे: ख्रिस्तापूर्वी अर्पणे, सुंता आणि वल्हांडण, ख्रिस्तानंतर वचन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. 1640 च्या दशकात तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात, म्हणजे या परंपरेच्या मतांच्या अधिकृत मांडणीत, हे सातव्या अध्यायात नीट सांगितले आहे. महाराष्ट्रातल्या जुन्या मंडळ्या अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनांच्या कामातून उभ्या राहिल्या, त्यामुळे हा विचार नावानिशी कोणी शिकवला नाही तरी आमच्या अंगवळणी पडला आहे. तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचे समर्थन अब्राहामाच्या घरातल्या सुंतेवरून करणारा आजोबा आमच्याकडे प्रत्येक घरात सापडतो. या मांडणीत इस्राएल नाकारले जात नाही, पण कळत-नकळत ते पुसट होते. जुन्या विधींची सावली गेली, ख्रिस्त ही वस्तू आली. मग सावलीच्या जागी अजूनही उभी असलेली जिवंत माणसे कोण, याचे उत्तर द्यायला ही मांडणी विसरते.

वर्गातली तरुण मुले मात्र दुसरेच ऐकून येतात. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या ब्रदरन पंथाच्या पुढाऱ्याने असे मांडले की इस्राएल आणि मंडळी या देवाच्या दोन वेगळ्या प्रजा आहेत: इस्राएलाची अभिवचने पृथ्वीवरची, शब्दशः पुरी व्हायची, आणि मंडळीची स्वर्गीय. याला डिस्पेन्सेशनॅलिझम म्हणतात. 1909 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने याच मताच्या टिपा असलेले स्कोफिल्डचे बायबल छापले आणि हे मत घराघरांत पोहोचले, कारण टिपा शास्त्रवचनाच्याच पानावर, वचनाखाली छापलेल्या होत्या. रोज तेच पान उघडणाऱ्याला वचन कुठे संपते आणि स्कोफिल्ड कुठे सुरू होतो याचे भान राहीनासे झाले. 1948 ची राष्ट्रस्थापना आणि 1967 च्या युद्धात इस्राएलाने मिळवलेला यरुशलेमचा ताबा यांनी या मताला भविष्यवाणी खरी ठरल्याचे तेज चढले. आज मोबाइलवर नकाशे दाखवून शेवटचा काळ मोजणारे प्रवक्ते त्याच घरातले आहेत. एक श्रेय मात्र त्यांना दिले पाहिजे: देवाने इस्राएलाला दिलेला शब्द इस्राएलाला दिलेला आहे, हे बाकीचे विसरले असताना त्यांनी लक्षात ठेवले.

कॅथलिक मंडळीने आपली भूमिका बदलली ती युरोपातल्या यहूद्यांच्या संहारानंतर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 च्या जाहीरनाम्यात सांगितले की यहूद्यांना देवाने टाकलेले किंवा शापित असे दाखवू नये. 1980 मध्ये माइन्झ येथे पोप दुसरे जॉन पॉल यांनी यहूद्यांशी केलेला जुना करार देवाने कधीच रद्द केला नाही असे म्हटले. 2015 च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात दोन्ही टोके एकत्र धरली आहेत: तारणाचे दोन समांतर मार्ग नाहीत, आणि तरीही यहूदी देवाच्या तारणात सहभागी आहेत, हे कसे, ते देवाचे गूढ आहे. टीकाकार म्हणतात ही पळवाट आहे. मला ती रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायाशी प्रामाणिक वाटते, कारण तो अध्यायही सिद्धांताने न संपता स्तुतीने संपतो.

त्या अध्यायावर मी वर्गात सर्वांत जास्त वेळ घालवते. देवाने आपल्या लोकांना टाकले काय, असा प्रश्न विचारून पौल तो लगेच धुडकावतो आणि जैतुनाच्या झाडाचा दृष्टान्त देतो. कोकणात कलम बांधणारा कोणीही सांगेल की खुंट रायवळ आंब्याचा घेतात आणि त्यावर हापूसची काडी बांधतात. फळ येते ते काडीच्या जातीचे, म्हणून मान काडीचा. पौलाचे कलम नेमके उलटे आहे. खुंट बागेतल्या जैतुनाचा आणि काडी रानातली. हे निसर्गाविरुद्ध आहे असे तो स्वतःच चोविसाव्या वचनात म्हणतो, म्हणजे त्याला बागकाम कळत नव्हते अशी शंका घ्यायला जागा उरत नाही. रानटी काडीने मिरवावे असे तिच्यात काही नाही. मूळ तिला धरून आहे, ती मुळाला नाही. काही अस्सल फांद्या अविश्वासामुळे तोडल्या गेल्या, हे पौल लपवत नाही, आणि त्याचे दुःख त्याला इतके आहे की नवव्या अध्यायात तो स्वतः शापित व्हायलाही तयार होतो. पण झाड तोडून दुसरे लावले असे तो कुठेही म्हणत नाही, आणि शेजारी शेजारी दोन झाडे आहेत असेही म्हणत नाही. तोडलेल्या फांद्या पुन्हा त्यांच्याच झाडाला लागतील, देवाची दाने आणि पाचारण मागे घेतले जात नाही, हे त्याचे म्हणणे आहे. म्हणून ‘वारस बदलला’ म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही आणि ‘इस्टेटी दोन’ म्हणणाऱ्यांशीही जमत नाही. गलतीकरांस पत्रात तोच पौल लिहितो की तुम्ही ख्रिस्ताचे असाल तर अब्राहामाची संतती आणि अभिवचनाचे वारस आहात. दोन्ही पत्रे एकाच माणसाची आहेत. एक वाचून दुसरे मिटून ठेवणे मला जमत नाही.

भूमीचा प्रश्न राहतो, आणि तो सर्वांत दुखरा आहे. पौल अब्राहामाला ‘जगाचा वारस’ म्हणतो. इब्री लोकांस पत्र सांगते की तो अधिक चांगल्या, स्वर्गीय देशाची वाट पाहत होता. यावरून बायबलच्या ‘नवा करार’ या भागात भूमी विस्तारून साऱ्या सृष्टीएवढी झाली असे मी मानते, आणि आजच्या कोणत्याही सरकारच्या सीमारेषेवर शास्त्राची मोहोर उमटवायला मी तयार नाही. पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांनी 2009 च्या कैरोस निवेदनात हेच विचारले आहे, की आमच्या घराची किल्ली घेण्यासाठी आमचेच बायबल कसे वापरता? तो प्रश्न बाजूला सारून या विषयावर बोलता येत नाही. माझ्या वाचनाची लंगडी बाजूही सांगते: यिर्मया आणि यहेज्केल हे संदेष्टे जेव्हा बंदिवासातून परत येण्याविषयी बोलतात, तेव्हा ते माती, द्राक्षमळे आणि नगराच्या वेशी यांविषयी बोलतात, आणि ते सारे रूपक म्हणून उडवून लावणे मला साधत नाही.

आपल्याकडे हा वाद पुस्तकी राहिलेला नाही. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल हे यहूदी पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळत, तेलाचे घाणे चालवत आणि मराठी बोलत राहिले. शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या, मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. बेने इस्राएलांनी हिब्रू आनंदाने शिकून घेतले आणि ख्रिस्ती फारच थोडे झाले. पुढे इस्राएलात गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी त्यांच्या यहूदीपणावर शंका घेतली, आणि मोठ्या आंदोलनानंतर 1964 मध्ये ते सर्वार्थाने यहूदी आहेत असे सरकारला जाहीर करावे लागले. वारस कोण हे ठरवण्याची हौस एकट्या ख्रिस्ती लोकांनाच आहे असे नाही.

शेवटी तुमच्यापैकी अनेकांचा पोटप्रश्न: मग भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे वचन आमचे नाही का? यिर्मया 29:11, ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’, हे बहुतेक मराठी ख्रिस्ती घरांत टांगलेले असते. ते वचन यिर्मयाने बाबेलात (बाबिलोनमध्ये) पकडून नेलेल्या यहूद्यांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे, म्हणजे ऐकणारे बहुतेक जण तिथेच मरणार होते. मधल्या काळात घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा आणि त्या परक्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे सातव्या वचनापर्यंत सांगितले आहे. ख्रिस्तात कलम झालेल्या माणसाने ते वचन टांगावे, हरकत नाही. फक्त पुढच्या वर्षी कॅलेंडर छापणाऱ्याने पाचव्यापासून अकराव्यापर्यंतची सारी वचने घ्यावीत, जागा कमी पडली तर फुलांचे चित्र लहान करावे.