लाईट गेली तेव्हा नगम्याला मी होतो

तबल्याच्या स्पर्धेत नगम्याला, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी एकच धून हार्मोनियमवर घोळवत, बसलेल्या माणसाकडं कुणी बघत नाही. त्यामुळं त्याला सगळं दिसतं. मी परभणीत हार्मोनियमचा क्लास चालवतो आणि युवक महोत्सवात बोलावलं की नगम्याला जातो. यंदा तालवाद्य एकल वादन जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात होतं. परतीचा पाऊस नुकताच झोडपून गेलेला, सोयाबीन रानात भिजत पडलेलं आणि सभागृहात घामट उकाडा. असल्या हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, सूर उतरतो. ग्रीन रूममध्ये जो तो हातोडी घेऊन गट्टे ठोकत होता.

एक मुलगा मोबाइलवर लेहऱ्याचं, म्हणजे नगम्याचंच, ॲप लावून सुरुवातीच्या पेशकारापासून शेवटच्या चक्रदारापर्यंत सगळं भरधाव वाजवत होता. संपलं की परत पहिल्यापासून. हात भलताच तयार. मी म्हटलं, "अरे, स्टेजसाठी थोडं राहू दे."

"वॉर्मअप करायलोय सर."

वॉर्मअप म्हणजे ठाय, संथ लयीत 'धा धा ते टे' घोळवायचं, बोटं सुटी झाली की बस्स. घाम निघेपर्यंत वाजवलं तर स्टेजवर जाताना मनगट जड झालेलं असतं. पण स्पर्धेच्या दिवशी कोण ऐकतंय!

त्याच खोलीत पालमकडच्या एका खेड्यातली मुलगी भिंतीला टेकून बसली होती. तबला झाकलेलाच. डोळे मिटून, हातावर ताल धरून ती हळू आवाजात पढंत करत होती, म्हणजे बोल तोंडानं म्हणत होती. मधेच अडायची, तेवढाच पलटा, म्हणजे फिरवून बांधलेले बोल, पुन्हा म्हणायची, पुढं जायची. मग उठून माझ्याजवळ आली.

"सर, नगमा कशात धरणार?"

"चंद्रकंस रागात."

"दोन आवर्तनं वाजवता का? सम ऐकून घेते."

सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सगळं तिथंच येऊन मिळतं. मी वाजवली. तिनं टाळी देऊन तिची लय दाखवली आणि म्हणाली, "सर, स्टेजवर मी ह्याच्यापेक्षा चढी मागितली, तरी तुम्ही ह्याच लयीत सुरू करा."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. छाती धडधडायला लागली की रोजची लय संथ वाटते. मग मुलं चढी लय मागतात, पेशकारालाच धाप लागते आणि शेवटाकडच्या भरधाव रेल्यापर्यंत पोचेस्तोवर बोटं एकमेकांत अडकतात. चांगले चांगले यात सापडतात.

आधी मुलाचा नंबर आला. सादरीकरणाला 15 मिनिटं असतात. पेशकार छान झाला, खरंच छान. त्यानंतर कायदा हा भाग आला आणि लय सरकायला लागली. मी तीनतालाच्या सोळा मात्रा जागच्या जागी ठेवल्या, तो पुढं पुढं जात राहिला, कसाबसा समेवर सापडत राहिला. शेवटच्या चक्रदारात एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि दर दोन पल्ल्यांच्या मधे अर्ध्या मात्रेचा दम, म्हणजे विराम, होता. घाईत त्यानं तो दोन्ही वेळा खाल्ला. शेवटचा 'धा' पडला तो समेच्या एक मात्रा आधी, माझ्या सोळाव्या मात्रेवर. होतं असं. ठेका धरायचा, एक आवर्तन जाऊ द्यायचं, पुन्हा उचलायचं. समोरच्या निम्म्या लोकांना कळतसुद्धा नाही. पण त्यानं दोन्ही हात उचलले, माझ्याकडं बघितलं आणि नगमा कुठं चाललाय ते न बघता चक्रदार पहिल्यापासून सुरू केला. आता सभागृहातल्या झाडून सगळ्यांना कळलं.

त्यानं घरी जे केलं तेच स्टेजवर झालं. चुकलं की थांब, पहिल्यापासून घे. अशा रियाजात पेशकार घासून गुळगुळीत होतो आणि चक्रदार वहीच्या शेवटच्या पानांसारखा कोराच राहतो. शिवाय चुकल्यावर थांबायची सवय हाताला लागते, ती वेगळीच.

मुलीचा नंबर बराच उशिरा लागला. मांडणीला दिलेल्या वेळात तिनं तबला आधी दिव्यांच्या झोतात ठेवून दिला. मला वाटलं, विसरली की काय. झोताच्या उष्णतेनं पुडी वाळते आणि सूर चढतो. ग्रीन रूममध्येच लावून आलेल्यांचा तबला मधेच चढून माझ्या हार्मोनियमच्या 'काळी एक' सुराशी भांडत होता. हिनं पुडी तापू दिली, मग हातोडी घेतली.

कायद्याचा तिसरा पलटा चालू असताना लाईट गेली. माइक बंद, पंखे बंद, पडदे ओढलेले, डोळ्यांपुढं मिट्ट अंधार. पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. जनरेटर म्हणे होता, पण त्याची किल्ली असलेला माणूस जेवायला गेलेला! हार्मोनियमला वीज लागत नाही, म्हणून मी भाता सोडला नाही. तिनं पलटा सोडला आणि सरळ तीनतालाचा ठेका धरला. त्या गोंगाटात मला तिचा तबला ऐकू येत नव्हता, डग्गा मात्र येत होता. नवव्या मात्रेनंतर डग्गा गप्प झाला की 'खाली', म्हणजे तालाचा बिनटाळीचा भाग, आली हे कळायचं. मी समेचा सूर जरा दाबून द्यायला लागलो. आरडाओरडा ओसरला, कुणीकुणी मोबाइलच्या बॅटऱ्या लावल्या. तेव्हा तिनं तिसरा पलटा पुन्हा उचलला आणि पुढं निघाली. माइक नसला तरी तिनं जोर लावला नाही. जोर लावला की हात आखडतो आणि रेला तिथंच बसतो. चक्रदार बरोब्बर समेवर आला.

नंतर चहाच्या टपरीवर विचारलं, "घाबरली नाहीस?"

"सप्त्यात लाईट जातीच की सर. अन् महाराज मधीच चाल सोडून दृष्टांत सांगायलेत, तर हात धरून बसायचं. पुन्हा कवा उचलतील सांगता येत नाही. कान तिकडंच ठेवावा लागतो."

ती लहानपणापासून आजोबांच्या भजनी मंडळात पखवाज वाजवते. क्लासवाले आम्ही लोक भजनी ठेक्याला नाक मुरडतो. वारकरी परंपरेतून आलेले पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर याच मराठवाड्यातले, हे मात्र भाषणात अभिमानानं सांगतो.

तो मुलगा शेजारच्या बाकड्यावर गुमसुम बसून ऐकत होता. "सर, मग मी काय करू? सप्त्यात जाऊन बसू?"

"बस की. बिघडलं काय त्यात!"

तो हसला, पण पुढच्या आठवड्यात क्लासवर आला. ॲप बंद करून मी त्याच्यासाठी नगमा धरायला लागलो. कधी चौथ्या पलट्यापासून सुरू कर म्हणतो, कधी आधी चक्रदार, मग बाकीचं. चुकला तर थांबायचं नाही, ठेका धरून समेपर्यंत यायचं; चुकलेला तुकडा नंतर वेगळा काढून ठाय लयीत घासायचा, चक्रदार असेल तर दमासकट पढंत करून. आठवड्यातून एकदा मोबाइलवर रेकॉर्डिंग, न थांबता, स्टेजवरच्याच कुडत्यात, कारण बाही मनगटावर येते हे तिथं जाऊन कळण्यात अर्थ नाही. आणि मधेच, न सांगता, मी भाता सोडून देतो. एकदोन आवर्तनांनी पुन्हा धरतो. तेव्हा त्याची सम आणि माझी सम जुळली पाहिजे.

परवा दोनदा जुळली नाही. चिडून म्हणाला, "सर, तुम्ही मुद्दाम करायलाव."

"मुद्दामच करायलोय," म्हटलं आणि रस्त्याकडची खिडकी उघडली. बाहेरून वरातीचा डीजे चालला होता.